बांध कोरणारी हाव

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

भाकरी थापताना, कांदा निवडताना, गोठ्यात, ओट्यावर, जिथे असाल तिथून ऐका. हात चालू राहू द्या.

आजचा विषय आहे हाव. मी ख्रिस्ती घरातली, म्हणून बायबलमधल्या गोष्टींच्या आधाराने बोलणार आहे. पण हाव कुणाची जात-धर्म विचारून घरात येत नाही. तुम्ही कीर्तनात काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर असे सहा शत्रू ऐकता. आमच्याकडे सात मोठी पापे सांगतात, त्यांतही लोभ आहेच. ही यादी फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा एक साधू राहत होता. माणसाला छळणारे आठ विचार त्याने लिहून ठेवले. पुढे सहाव्या शतकात रोमचे पोप ग्रेगरी यांनी त्यांची मांडणी बदलून सात केले.

या इवाग्रियसने लोभाबद्दल एक फार खरी गोष्ट सांगितली आहे. लोभ येतो तेव्हा मी लोभ आहे असे म्हणत येत नाही. तो काळजीचे कपडे घालून येतो. म्हातारपण लांबलचक असेल, हातपाय चालणार नाहीत, दुष्काळ पडेल, आजारपण येईल, दुसऱ्यापुढे हात पसरायची लाज वाटेल, असे तो कानात सांगत राहतो. ऐकलेत ना? वाळवंटातल्या साधूला, ज्याच्याजवळ काही नव्हते, त्यालासुद्धा ही भीती माहीत होती. मग आपल्यासारख्या पोरंबाळं असलेल्या बायांना ती वाटली तर नवल काय?

म्हणून आधीच सांगते, काळजी वाटणे हे पाप नाही आणि बचत म्हणजे हाव नाही. बायबलमध्ये योसेफाची गोष्ट आहे. इजिप्तमध्ये सात वर्षे भरघोस पिकले, तेव्हा त्याने कोठारे भरून ठेवली. पुढे सात वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा तीच कोठारे उघडली आणि लोक जगले. आपला बचत गट हेच करतो. हौसही वाईट नाही. येशू काना गावच्या लग्नाला गेला होता, आणि तिथे द्राक्षारस संपला तेव्हा त्याने रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. लग्नघरची अब्रू राखली. चार माणसांत आनंद व्हावा हे त्याला नको असते तर तो तिथे कशाला गेला असता?

मग हाव कशाला म्हणायचे?

इस्राएल लोक इजिप्तच्या गुलामीतून सुटून वाळवंटातून चालले होते, तेव्हाची गोष्ट आहे. खायला काही नव्हते. देवाने त्यांना मान्ना दिला. रोज सकाळी दवासारखा जमिनीवर पडायचा. नियम एवढाच, की ज्याला जेवढा लागतो तेवढा वेचायचा आणि उद्यासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवला. सकाळी त्यात किडे पडले, घाण वास सुटला. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण देवाकडे अन्न मागतो, तेही रोजच्यापुरते, आजचे. मराठी बायबलमध्ये त्याला भाकर म्हटले आहे. कोठार नाही, कणगी नाही, भाकर.

पुढे त्याच लोकांना मान्नाचा कंटाळा आला. इजिप्तमधली काकडी, खरबूज, कांदा, लसूण आठवून ते रडायला लागले. पाठीवरचे कोरडे मात्र विसरले. मांस हवे म्हणून त्यांनी आकांत मांडला. मग वाऱ्याबरोबर लावे पक्षी आले, छावणीभोवती ढीग पडले. लोकांनी दिवसभर गोळा केले, रात्रभर केले, दुसरा दिवसही केले. पोटात किती जाणार याचा हिशेब कुणालाच राहिला नाही. घास तोंडात असतानाच साथ आली आणि माणसे मेली. त्या जागेचे नाव पडले हावेच्या कबरी. मैत्रिणींनो, भुकेल्या माणसाचे पोट भरले की हात थांबतो. इथे पोट भरल्यावरही हात थांबला नाही. हाव ओळखायची पहिली खूण ही.

दुसरी खूण संत ऑगस्टीनच्या आयुष्यातली आहे. हे उत्तर आफ्रिकेतले, आज ज्याला अल्जीरिया म्हणतात तिथे ३५४ साली जन्मलेले. पुढे मोठे बिशप झाले. म्हातारपणाकडे झुकल्यावर माणूस आपली चांगली कामे मोजतो. यांनी चाळिशीत आपल्या चुका लिहून काढल्या. सोळा वर्षांचे असताना मित्रांबरोबर त्यांनी शेजारच्या बागेतली नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? या एका प्रश्नावर त्यांनी पानेच्या पाने खर्च केली. त्यांची शिकवण थोडक्यात सांगायची तर वस्तू वाईट नसते, आपल्या प्रेमाचा क्रम चुकतो. आधी देव, मग माणूस, मग वस्तू, अशी रांग हवी. वस्तू रांग मोडून पुढे घुसली की माणूस मागे ढकलला जातो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, फळे आणि पक्षी झाले, आमच्या गावातले सांगा. तर सांगते. पण त्याआधी एका राजाची गोष्ट ऐका.

अहाब नावाचा राजा होता. इज्रेल गावात त्याचा वाडा. वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला वाटले, हा मळा मिळाला तर इथे भाजीपाला लावता येईल. बघा हं, राज्य एवढे मोठे, आणि जीव अडकला भाजीच्या वाफ्यात! त्याने नाबोथाला सांगितले, बदल्यात दुसरा चांगला मळा देतो, नाहीतर पैसे देतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा घरी आला, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि जेवेना. राणी ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मी मिळवून देते. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाने देवाची आणि राजाची निंदा केली असे त्यांनी सांगितले. गावाने नाबोथाला दगडांनी मारले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर तिथे एलीया संदेष्टा वाट बघत उभा. खून करून वर वतनही घेतोस का, असा त्याने राजाला जाब विचारला. पुढे त्या घराण्याची धूळधाण झाली.

ही गोष्ट मी आमच्या महिला मंडळात किती वेळा सांगितली असेल! ईजबेलला नावे ठेवायला मला फार आवडायचे.

आता माझी गोष्ट. आमच्या आणि धाकट्या दिरांच्या रानात एक बांध होता. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हाचा, चांगला चार फूट रुंद, गवत वाढलेला. आमचे रान वरच्या अंगाला, त्यांचे उताराला. दर वर्षी नांगरटीला ट्रॅक्टर आला की मी बांधावर उभी राहायची आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणायची, दादा, एक तास पलीकडून घे. एक तास म्हणजे किती? वीतभर. वीतभर जमिनीने कुणाचे काय जाते? आमचे हे सुरुवातीला नको म्हणायचे. मी म्हणायची, पोरांची शिक्षणे आहेत, पुढे जमीन कमीच पडणार आहे. म्हणजे त्या इवाग्रियसने सांगितलेली सगळी काळजी माझ्या तोंडी होती.

बारा वर्षे असे चालले. बांध संपला, मग आम्ही त्यांच्या रानात शिरलो. जाऊ दोनदा बोलायला आली. मी तिला म्हटले, तुझे डोळे तपासून घे. माझी ही जाऊ लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. आम्ही दोघी चुलीपुढे एका ताटात जेवायचो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तिने माझी आंघोळपांघोळ केली होती. पण माझ्या डोळ्यांना तेव्हा फक्त तास दिसत होते. बोलणे बंद झाले. मग दिरांनी सरकारी मोजणी आणली. आमचे अतिक्रमण निघाले सात फूट, बांधाच्या तीनशे फूट लांबीत. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. आम्ही तरी ऐकले का? मोजणीच चुकली म्हणून भांडलो, वकील लावला. दोन गुंठ्यांत जे पिकले असते त्याच्या कितीतरी पट पैसा तालुक्याच्या फेऱ्यांत गेला.

आणि मग एका पावसाळ्यात मोठा पाऊस झाला. बांध असतो कशाला? हद्द दाखवायला असतो हे खरे, पण उताराचे पाणी आणि माती अडवायलाही असतो ना? आमचा बांध मीच खाल्ला होता. लोंढा आला आणि माझ्या रानातली वरची काळी माती घेऊन गेला. ती जाऊन बसली जावेच्या कांद्याच्या रोपांवर. तिचे रोप गाडले गेले, माझे रान उघडे पडले. दोन गुंठ्यांच्या हावेने दोन्ही घरांचे नुकसान झाले.

त्यानंतरच्या रविवारी महिला मंडळात बोलायची पाळी माझी होती. पाळकबाईंनी विषय दिला होता नाबोथाचा मळा. मी सवयीने उभी राहिले, सवयीने सुरुवात केली. अहाब, वाडा, भाजीपाला. समोर तिसऱ्या ओळीत जाऊ बसली होती. ती काही बोलली नाही. रागाने बघितलेही नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती. मी ईजबेलच्या नावापर्यंत आले आणि पुढे बोलता येईना. पाणी प्यायले, तरी येईना. पाळकबाईंनी गाणे घेतले आणि सभा उरकली.

बायबलमध्ये याकोबाचे एक छोटे पत्र आहे. त्यात हावेला बाईच्या गरोदरपणाची उपमा दिली आहे. आधी इच्छा मनात रुजते, मग ती पापाला जन्म देते, आणि ते पाप मोठे झाले की मरणाला जन्म देते. आपण बाळंतपणे केलेल्या बाया. आपल्याला माहीत आहे, पोटात वाढते ते आधी बाहेरच्यांना दिसत नाही, पण आईला कळते. मला बारा वर्षे कळत होते. आणि मोशेच्या नियमशास्त्रात तर स्पष्टच आहे, शेजाऱ्याच्या हद्दीची खूण हलवू नये. इतकी साधी आज्ञा. दहा आज्ञांतली शेवटची आज्ञाही शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये अशीच आहे. चोरी करू नये ही वेगळी आज्ञा आहे. मग ही वेगळी कशाला दिली? कारण चोरी हाताने होते, आणि ती आधी मनात झालेली असते.

आता एक महत्त्वाचे बोलायचे आहे. हावेवर बोलले की काही माणसांना आनंद होतो. ती लगेच बहिणीला म्हणतात, बघ, शास्त्रातच आहे, लोभ करू नये, तेव्हा वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोड, ये, हक्कसोडपत्रावर सही कर, साडीचोळी घे. मैत्रिणींनो, या बोलण्याला भुलू नका.

बायबलमध्ये हावेच्या कबरींची गोष्ट ज्या पुस्तकात आहे, त्याच 'गणना' नावाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वारला, भाऊ नव्हता. वतन फक्त मुलग्यांना मिळायचे. या पाच जणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या पुढाऱ्यांपुढे आणि लोकांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचे नाव का पुसले जावे? आम्हांला वाटा द्या. मोशेने देवाला विचारले. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. आणि कायदाच बदलला. देवाने त्यांना लोभी म्हटले नाही.

आपल्याकडे आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात, बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. स्वतःचा वाटा मागणे हा हक्क. दुसऱ्याचा ओढणे ही हाव. बहिणीचा वाटा दाबून बसलेला भाऊ तिलाच लोभी म्हणतो, तेव्हा बांध कोण कोरतो आहे ते तुम्हीच ठरवा.

मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. त्या पाच मुलींनी दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर मागितले. मी मात्र नांगरटीला भल्या पहाटे जायची, जाऊ रानात यायच्या आत. जी गोष्ट चावडीवर मोठ्याने सांगता येते ती बहुधा हक्काची किंवा गरजेची असते. जी सांगताना आवाज आपोआप खाली जातो, तिथे थांबून बघावे. आमच्या गटात आता कर्ज मागणारी बाई सगळ्यांपुढे सांगते, कशासाठी, किती, आणि फेडणार कशातून. शेजारणीने फ्रीज घेतला म्हणून मलाही, असे मोठ्याने म्हणताना आपल्यालाच हसू येते आणि अर्धे काम तिथेच होते.

येशूकडे एकदा एक माणूस आला होता. म्हणाला, माझ्या भावाला सांगा, मला वाटणी दे. येशूने वाटणी केली नाही. हावेपासून जपा, असे सांगून त्याने एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला इतके पिकले की कोठारे पुरेनात. तो स्वतःशीच बोलत बसला, माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, जुनी पाडतो, मोठी बांधतो. त्याच्या बोलण्यात बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. सगळे माझे. त्याच रात्री तो गेला. इ.स. ३७० च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया भागात दुष्काळ पडला, तेव्हा बेसिल नावाच्या धर्मगुरूने धनिकांना हीच गोष्ट ऐकवली. त्याचे म्हणणे असे की कोठार कशाला शोधता, गरिबांची पोटे हीच तयार कोठारे आहेत. आणि तो नुसता बोलून थांबला नाही, भुकेल्यांसाठी त्याने अन्न शिजवून वाटले.

हावेवर औषध काय? यरीहो गावात जक्कय नावाचा जकातदारांचा मुकादम होता. बुटका. येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याला म्हणाला, खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुजबुजले, पाप्याच्या घरी कसा जातो? त्या घरात जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, माझे अर्धे गरिबांना देतो, आणि ज्याचे लुबाडून घेतले त्याला चौपट परत करतो. त्याचा पश्चात्ताप मोजता येत होता. माझे रडणे झाले होते, प्रार्थनाही झाली होती. माती मात्र अजून माझ्याच रानात होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बांध घातला. आमचे हे आधी म्हणाले, लोक हसतील. मी म्हटले, हसू देत, बारा वर्षे मनातल्या मनात हसतच होते. मोजणीच्या खुणांवरून दोरी धरली, दगड रचले, चार फुटांचा भराव केला. त्या दिवशी जाऊ आपल्या बाजूला येऊन उभी राहिली. मला भीती वाटत होती, म्हणून मी एक दगड मुद्दामच आमच्या बाजूला आत बसवला होता, वीतभर जास्त त्यांना जावे म्हणून. तिने ते बघितले आणि म्हणाली, "अक्का, दगड तुमच्याकडं सरकलाय. बरोबर बसवा. मला तुमचं नको."

एवढेच बोलली. किती वर्षांनी बोलली! आम्ही दगड उचलला आणि दोरीवर बसवला.

अजून आम्ही एका ताटात जेवत नाही. तुटलेले एका दिवसात जुळत नाही आणि ते लवकर जुळावे अशी मी घाई केली तर तीही हावच होईल. पण या पावसाळ्यात पाणी बांधाला थांबले. माझी माती माझ्याकडे राहिली, तिची रोपे तिच्याकडे. आणि परवा तिच्या पोराने कुरडयांचा डबा आणून दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुम्हांला माहीतच आहे. काय भरून द्यावे याचा विचार करते आहे.

तुम्हीही आज सगळी कामे उरकल्यावर जरा आपल्या बांधावर जाऊन बघा. कुणाचा शेतातला असेल, कुणाचा मनातला. येते मी. नमस्कार.